बारा टक्के नेमके कुठे लिहिलेत? इंदूरच्या एका बिलिंग सॉफ्टवेअरचं प्रकरण

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीतले निर्णय जाहीर झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार, मुख्य दर ५ आणि १८ राहणार, आणि बहुतेक वस्तूंना हे २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून लागू होणार. इंदूरच्या व्यापाऱ्यांसाठी यातली मोठी बातमी नमकीनची होती. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर १२ टक्के कर होता, तो ५ वर आला. तूप आणि लोणीही १२ वरून ५ वर, बिस्किटं आणि साबण १८ वरून ५ वर.

आम्ही ज्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यांत सियागंजातली एक वितरण एजन्सी आहे. शेव, मिक्स्चर, बिस्किटं, तूप, साबण असा सगळा माल. त्यांचा हिशेब बघणाऱ्या काकूंचा प्रश्न अगदी सरळ होता: "बावीस तारखेला सकाळी पहिलं बिल पाच टक्क्यांनी निघेल ना? आणि जुना माल परत आला तर?" दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २२ तारखेच्या आधी १२ टक्क्यांनी विकलेला माल दुकानदाराने नंतर परत केला, तर त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या रकमेचा कागद, मूळ बिलाच्या दरानेच, म्हणजे १२ नेच निघायला हवी. म्हणून '१२ खोडून ५ लिहा' एवढ्यावर हे काम भागणार नव्हतं.

या प्रकरणाविषयी लिहायचं कारण कराचे दर नाहीत. दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या, अवाढव्य कोडमध्ये वाट कशी काढायची आणि त्यात एडिटर, म्हणजे कोड वाचायचा-लिहायचा प्रोग्रॅम, नेमका कुठे हात देतो, ते इथे फार स्वच्छ दिसलं. नव्या मुलांना शॉर्टकटची यादी देण्यापेक्षा हे एक प्रकरण सविस्तर सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

हातात काय होतं

पीएचपी या भाषेत लिहिलेलं, मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणारं सॉफ्टवेअर. सुरुवात व्हॅटच्या काळातली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा घाईघाईत त्यावरच नवे थर चढवले गेले. लिहिणारे हात बदलत गेले. दराची वेगळी टेबल होती, पण सगळे दर तिथूनच घेतले जात होते असं नाही. काही ठिकाणी सरळ आकडा लिहिलेला. बिल काढणारी मुख्य फाइल चार हजार ओळींच्या पुढे गेलेली. कोणत्या फाइलमधून कोणती फाइल बोलावली जाते, याचा कागद कुठेच नव्हता.

कामाला आम्ही तिघं. मी, नुकताच कॉलेजातून आलेला एक मुलगा, आणि आमच्यात सगळ्यांत जुने दादा. दादा सर्व्हरवर थेट विम या कीबोर्डवरच चालणाऱ्या एडिटरमध्ये काम करतात आणि माऊसला सहसा हात लावत नाहीत. आम्ही दोघं व्हीएस कोड या एडिटरवर.

पहिला शोध, आणि तो का फसतो

मुलाने जे केलं ते कुणीही केलं असतं. कंट्रोल + शिफ्ट + एफ दाबून संपूर्ण प्रोजेक्टमध्ये '१२' शोधलं. हजारोंनी निकाल आले. त्यांत बहुतेक बूटस्ट्रॅप या पानांची मांडणी करणाऱ्या लायब्ररीचे, कारण त्याची जाळी बारा स्तंभांची असते आणि प्रत्येक साच्यात पूर्ण रुंदीच्या चौकटीच्या नावातच १२ असतो. मग जेक्वेरी या दुसऱ्या लायब्ररीची १.१२.४ ही प्रत, वर्षाचे बारा महिने मोजणारी आवर्तनं, एका पानावर १२ ओळी, डेटाबेसमधल्या रकमेच्या रकान्याची १२ अंकांची रुंदी, डझनाचा हिशेब.

'पूर्ण शब्द जुळवा' हा पर्याय लावला की ११२ आणि १२०० गळतात. पण बूटस्ट्रॅप काही गळत नाही, कारण संयोगचिन्हानंतर येणारा १२ एडिटरच्या दृष्टीने पूर्ण शब्दच असतो. शोधाच्या चौकटीखालचे तीन ठिपके उघडून 'वगळायच्या फाइल्स'मध्ये बाहेरच्या लायब्रऱ्यांचे फोल्डर टाकले, तेव्हा यादी बरीच आटोक्यात आली. हे पाऊल फार जण उचलतच नाहीत आणि दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांमधून रोज वाट तुडवत बसतात.

तरीही मी त्याला ती यादी बंद करायला सांगितली. कारण जो आकडा आपण शोधत होतो, तो निम्म्या जागी १२ म्हणून लिहिलेलाच नव्हता. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १२ टक्के म्हणजे केंद्राचे ६ आणि राज्याचे ६. तिथे कोडमध्ये ६ दिसणार. एमआरपीतून कर वेगळा काढताना रकमेला १०० ने गुणून ११२ ने भागतात. तिथे ११२ दिसणार, नाहीतर १.१२. कुणी ०.०६ लिहिलेलं असणार. एकच दर पाच-सहा वेषांत वावरत होता, आणि '६' असा शोध घेण्यात काहीच अर्थ नव्हता.

शोध कितीही वेगवान असला तरी काय शोधायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. माझा नेम असा: कोडमध्ये क्वचित येणारा शब्द धरायचा. '१२' सगळीकडे आहे, पण नमकीनचा एचएसएन, म्हणजे वस्तूंच्या वर्गीकरणाचा, क्रमांक २१०६ मोजक्याच जागी असतो. छापील बिलावरची 'सीजीएसटी' (केंद्राच्या वाट्याचा जीएसटी) ही पाटीही मोजक्याच साच्यांत असते. हे दोन शब्द आमचे प्रवेशाचे दरवाजे ठरले.

बिलाच्या कागदापासून उलट

काकूंकडून एक खरं बिल मागवलं. त्यात पाकीटबंद शेव होती, तूप होतं आणि सुटी शेवही होती. सुट्या मालावर आधीपासूनच ५ टक्के, म्हणून ती ओळ आम्हाला ताळा म्हणून उपयोगी. आता प्रश्न 'बारा कुठे आहे' असा राहिला नव्हता. 'कागदावरचा हा करांचा आकडा कुठे जन्मतो' असा झाला होता, आणि या प्रश्नाचं उत्तर एडिटर पायरी पायरीने देऊ शकतो.

छपाईचा साचा उघडायला कंट्रोल + पी. यात फाइलचं पूर्ण नाव लागत नाही, नावातली मधली-मधली अक्षरंही पुरतात. डावीकडचं फोल्डरांचं झाड उघडत, मिटत, खाली सरकत जाण्यात दिवसातला किती वेळ जातो हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. फाइलच्या नावापुढे : आणि ओळक्रमांक दिला की थेट त्या ओळीवर जातो. त्रुटीच्या नोंदीत ओळक्रमांक मिळतोच, तो इथे तसाच वापरायचा.

साच्यात कराच्या रकमेचं व्हेरिएबल, म्हणजे ती रक्कम धरून ठेवणारं नाव, सापडलं. ते भरणाऱ्या फंक्शनवर (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या नावावर) कर्सर ठेवून एफ १२ दाबलं की व्याख्येवर, म्हणजे तो तुकडा जिथे लिहिलाय तिथे, पोचतो. पीएचपीसाठी हे व्हीएस कोडमध्ये नीट चालायला भाषेचा सर्व्हर, म्हणजे कोड समजून घेऊन एडिटरला सांगणारा वेगळा प्रोग्रॅम, लागतो. आम्ही इंटेलिफेन्स हे एक्स्टेन्शन वापरतो. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे अशा सर्व्हरने एडिटरशी बोलायचे नियम, जाहीर केला, त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी ही समज वेगळी शिकवावी लागत असे. आता एकच सर्व्हर व्हीएस कोडला चालतो आणि विमच्या नव्या अवताराला, निओविमलाही. दादांना मात्र सर्व्हरवर तेवढंही लागत नाही. युनिव्हर्सल सीटॅग्ज चालवून ते नावांची अनुक्रमणिका असलेली एक फाइल बनवून ठेवतात, आणि कंट्रोल + ] दाबून त्याच जागी उतरतात. संगणकावर दुसरं काही बसवायची परवानगी नसेल तिथे हा जुना मार्ग अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

चार हजार ओळींची ती मुख्य फाइल समोर आली तेव्हा मुलगा खालीवर स्क्रोल करायला लागला. तिथे दोन गोष्टींनी काम झालं. कंट्रोल + शिफ्ट + ओ दाबलं की फाइलमधल्या सगळ्या फंक्शनची यादी मिळते, आणि @ पुढे : टाइप केलं की ती प्रकारवार लागते. दुसरी गोष्ट घड्या. कंट्रोल + के, मग कंट्रोल + २ दाबलं की दुसऱ्या पातळीखालचं सगळं मिटतं आणि फक्त फंक्शनच्या डोक्यांच्या ओळी उरतात. एवढी मोठी फाइल काही पडद्यांत मावली, आणि तिच्यात दर काढणारी तीन वेगवेगळी फंक्शन आहेत हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. एक व्हॅटच्या काळातलं, फक्त नाव बदललेलं. स्टिकी स्क्रोल चालू असेल तर खोल आत असतानाही आपण कोणत्या फंक्शनच्या, कोणत्या अटीच्या पोटात आहोत ते वर चिकटलेलं दिसतं. सहा पातळ्यांच्या 'जर-तर'मध्ये हे डोळ्यांना फार मोठा आधार देतं. उजवीकडचा कोडचा छोटा नकाशा मात्र मी बंदच ठेवते. त्याने जागा जाते आणि वाट काही सापडत नाही.

परत येणं

इथपर्यंतचं सगळं पुढे जाण्याचं होतं. खरी अडचण यानंतर आली, आणि या प्रकरणातून मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

कराच्या फंक्शनमधून मुलगा एफ १२ ने दर काढणाऱ्या फंक्शनमध्ये गेला, तिथून वस्तूच्या वर्गात, तिथून सेटिंग वाचणाऱ्या फाइलमध्ये, तिथून डेटाबेसच्या जोडणीत. पाचव्या उडीनंतर त्याने मला विचारलं, "ताई, आपण इथे कशाला आलो होतो?" मग वर उघडलेल्या पंधरा-वीस टॅबांमध्ये पहिली फाइल शोधणं सुरू झालं. ती सापडेपर्यंत मनातला धागा तुटलेला असतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

ऑल्ट + डावा बाण. आधीच्या जागी परत, मग त्याच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या. फाइल दुसरी असली तरी. ऑल्ट + उजव्या बाणाने पुन्हा पुढे. विममध्ये हेच कंट्रोल + ओ आणि कंट्रोल + आय, आणि सीटॅग्जने मारलेल्या उडीवरून परतायला कंट्रोल + टी. एडिटर आपल्या उड्यांचा इतिहास शांतपणे नोंदवत असतो. आपण तो कधी मागत नाही एवढंच.

नवी मुलं व्याख्येवर जायला लगेच शिकतात, पण परत यायची कळ फार थोड्यांना माहीत असते. म्हणून ती खोल जायला बिचकतात. एका उडीनंतर थांबतात आणि बाकीचं अंदाजाने धरून चालतात. परत येणं एका कळीचं झालं, की माणूस निर्धास्तपणे सहा उड्या खोल जाऊन बघून येतो. जुन्या कोडमध्ये खरी चूक बहुधा तिसऱ्या-चौथ्या उडीनंतर असते. म्हणून माझ्याकडे बसणाऱ्याला मी एफ १२ च्या आधी ऑल्ट + डावा बाण शिकवते.

काही वेळा जायचंही नसतं, नुसतं डोकवायचं असतं. ऑल्ट + एफ १२ दाबलं की व्याख्या तिथल्या तिथे छोट्या खिडकीत उघडते आणि एस्केपने मिटते. हातातली ओळ नजरेआड होत नाही. दर काढणारी तीन फंक्शन एकमेकांशी ताडून बघताना आम्ही हेच वापरलं.

ज्या जागी पुन:पुन्हा यायचं आहे तिथे खूण. विममध्ये दादांनी मोठ्या अक्षराची खूण ठेवली. लहान अक्षराची खूण त्या फाइलपुरती असते, मोठ्या अक्षराची कोणत्याही फाइलमधून हाक मारता येते, आणि ती एडिटर बंद करून उघडल्यावरही राहते. नोटपॅड++ मध्ये कंट्रोल + एफ २ ने खूण लावायची आणि एफ २ ने खुणांवरून फिरायचं. व्हीएस कोडमध्ये ही सोय मुळात नाही, एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. माझ्या मते ती मुळातच असायला हवी होती.

एडिटरला न दिसणारं

मुख्य फंक्शन सापडलं, तेव्हा शिफ्ट + ऑल्ट + एफ १२ ने त्याचे सगळे वापर बाजूच्या पट्टीत मागवले. बिल, अंदाजपत्रक, परतीचा माल, महिन्याचा अहवाल. यादी पटण्यासारखी होती. मुलाला वाटलं, झालं.

दादांनी एकच प्रश्न विचारला: "पावती छापणाऱ्या मोबाइलच्या पानाचं काय?" ते यादीत नव्हतं. शोधल्यावर कळलं की तिथे फंक्शनचं नाव दोन तुकडे जोडून, चालू असतानाच तयार केलं जात होतं. पुढचा तुकडा ठरलेला, मागचा तुकडा वस्तूच्या प्रकारावरून. भाषेच्या सर्व्हरला असं नाव दिसत नाही, कारण कोडमध्ये ते सलग कुठेच लिहिलेलं नाही. अशा जागी साधा मजकूर-शोधच कामी येतो: अवतरणचिन्हासकट नावाचा पुढचा तुकडा शोधायचा. समजूतदार साधनाने काम केल्यावर अडाणी साधन एकदा चालवून बघावंच.

दुसरी जागा याहून लपलेली निघाली. ग्राहकवार सेटिंगचं फोल्डर गिटच्या, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या, दुर्लक्ष-यादीत होतं. व्हीएस कोडचा शोध मूळ सेटिंगमध्ये ती यादी पाळतो, म्हणून त्या फोल्डरात तो शिरतच नव्हता. वगळायच्या फाइल्सच्या चौकटीतलं छोटं चिन्ह बंद केलं तेव्हा त्या एजन्सीच्या सेटिंगमध्ये तुपाच्या नावापुढे सरळ १२ लिहिलेला सापडला. ज्या फाइलमुळे त्यांचं बिल चुकलं असतं, नेमकी तीच आतापर्यंतच्या प्रत्येक शोधातून सुटत होती.

तिसरी जागा एडिटरच्या बाहेरच होती. महिन्याच्या करअहवालाची बेरीज डेटाबेसमध्ये साठवलेल्या एका प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच चालणाऱ्या कोडमध्ये, होत होती. फाइलच नाही, तर एडिटर शोधणार कुठे? यावर आमचा उपाय साधा आहे. मायएसक्यूएलडंप या साधनाने फक्त रचना, माहिती नाही, अशी फाइल काढायची आणि ती प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवायची. ट्रिगर (माहिती बदलली की आपोआप चालणारं कोड) त्यात आपोआप येतात, प्रोसीजर आणि फंक्शन येत नाहीत. त्यासाठी रूटीन्सचा पर्याय वेगळा द्यावा लागतो, आणि तो विसरला तर फाइल पूर्ण दिसते पण पूर्ण नसते. ही फाइल आली की डेटाबेसच्या आतलं कोडही कंट्रोल + शिफ्ट + एफ च्या टप्प्यात येतं. प्रोसीजरमध्ये ११२ होतं.

बदल

आता कुठे आकड्यांचा शोध अर्थपूर्ण झाला. वाटेत लागलेल्या फाइलींपुरता शोध मर्यादित ठेवला आणि रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अनेक रूपं एका शोधात बसवणाऱ्या नमुन्याने, सगळे वेष एकत्र मागवले: १२, ६, ११२, १.१२, ०.१२, ०.०६. निकाल वाचायची आमची पद्धत अशी की एफ ४ ने पुढच्या निकालावर जायचं, आणि जो कामाचा नाही तो यादीत डिलीट दाबून काढून टाकायचा. त्याने फाइलमधलं काही पुसत नाही, निकाल तेवढा यादीतून जातो. शेवटी जी यादी उरते, तीच कामाची यादी.

दर काढणारी तीन फंक्शन एक केली. दरांच्या टेबलमध्ये 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे रकाने आले. फंक्शनला आता वस्तूसोबत तारीखही द्यावी लागते: विक्रीत बिलाची, परतीच्या मालात मूळ बिलाची. या तारखेला मुद्दाम कोणतंही मूळ मूल्य, म्हणजे काही दिलं नाही तर आपोआप धरलं जाणारं मूल्य, ठेवलं नाही. ठेवलं असतं तर राहून गेलेल्या जागा गुपचूप आजच्या तारखेने चालल्या असत्या. न ठेवल्यामुळे जुन्या पद्धतीने बोलावणारी ओळ, फाइल उघडताच लाल होते. एफ ८ दाबत एका लाल ओळीवरून दुसरीवर जायचं, तारीख द्यायची, पुढे. आणि एडिटरच्या नजरेतून सुटलेली एखादी जागा उरलीच, तर पीएचपी ७.१ पासून पुढे फंक्शनला कमी आर्ग्युमेंट (त्याला द्यायची मूल्यं) दिल्यावर कार्यक्रम तिथेच त्रुटी देऊन थांबतो. चुकीचं बिल छापून जाण्यापेक्षा चाचणीत थांबलेला कार्यक्रम परवडला. चाचणीत मोबाइलच्या पानावर तो एकदा थांबलाच, तिथे एक उपप्रकार राहिला होता.

एकाच वेळी अनेक कर्सर ठेवून सगळीकडे बदल करण्याचा मोह मुलाला झाला होता. कंट्रोल + डी ने पुढची पुढची जागा निवडत जाणं दिसायला छान असतं. जिथे प्रत्येक जागी वेगळी तारीख द्यायची आहे तिथे मात्र प्रत्येक ओळ वाचणं हेच काम आहे, आणि एडिटरने आपल्याला त्या ओळीपर्यंत फक्त पोचवावं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री, ६ सप्टेंबरला, शहर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला रस्त्यावर होतं आणि ऑफिस लवकर बंद झालं. बाकी पितृपक्षाचे दिवस या कामासाठी सोयीचे पडले. बाजार थोडा मंद असतो, त्यामुळे काकूंना खऱ्या बिलांवर ताळा करायला सवड मिळाली. चाचणीत पुढच्या तारखा टाकून त्यांनी तीन प्रकारची बिलं तपासली: २१ तारखेचं, २२ चं, आणि २१ ला विकून २२ नंतर परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट. सुट्या शेवेची ओळ तिन्हीकडे ५ टक्केच राहिली, पाकीटबंद शेवेची तारखेप्रमाणे बदलली. २२ तारखेला, सोमवारी, बिलं नव्या दराने निघाली.

काही कामं मागे आहेत. तुकडे जोडून नाव बनवणारं कोड अजून तसंच आहे. ते सरळ केल्याशिवाय वापरांची यादी पुरी मानता येत नाही. रचनेची डेटाबेस-फाइल आता दर आठवड्याला आपोआप निघून प्रोजेक्टमध्ये पडते. ग्राहकवार सेटिंगमध्ये दर लिहायला मनाई केली आहे, आणि असा दर दिसला तर तो चाचणीत पकडणारी एक छोटी तपासणी त्या मुलानेच लिहून दिली. पुढच्या खेपेला त्याच्याकडे स्कीमचा, म्हणजे दहावर एक फुकटच्या हिशेबाचा भाग आहे. त्यासाठी त्याने काकूंकडून आधी एक छापील बिल मागून घेतलं आहे.